अमेरिकेत दुसरी डिग्री म्हणून नर्सिंग करताय? पैशांच्या बाबतीत या चुका टाळा

भारतातलं बीकॉम किंवा इंजिनिअरिंग झालेलं असतं, इथे येऊन बरीच वर्षं झालेली असतात, मुलं शाळेत रुळलेली असतात आणि आता नर्सिंग करायचंच असं मनात पक्कं असतं. हल्ली आयटीतून ले-ऑफ झालेले पुरुषही याच वाटेने यायला लागलेत, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक जण आधी कॉलेज ठरवतात, ॲडमिशन घेतात आणि मग फीचं काय करायचं ते बघायला बसतात. खरं तर उलटं करायला हवं, कारण दुसऱ्या डिग्रीला मदतीचे काही दरवाजे बंद असतात आणि कुठला प्रोग्राम घेताय त्यावर उरलेले किती उघडतात ते ठरतं.

"माझी डिग्री भारतातली, ती इथे कोण मोजतंय"

मोजतात. पेल ग्रांट (सरकारची परत न करायची मदत) फक्त पहिली बॅचलर्स करणाऱ्यांना मिळते आणि परदेशातली बॅचलर्ससुद्धा बॅचलर्सच धरतात. फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज, भरताना डिग्री नाही असं चुकूनही लिहू नका, नंतर ट्रान्सक्रिप्ट गेली की सगळं उघडं पडतं आणि घेतलेले पैसे परत मागतात.

पण याच्या उलटी चूक जास्त महागात जाते, ती म्हणजे पेल मिळत नाही ना, मग फाफ्सा कशाला भरायचा! अहो, फेडरल लोन त्याच फॉर्मवरून मिळतं, बऱ्याच कॉलेजांच्या स्वतःच्या स्कॉलरशिप त्यावरूनच ठरतात, आणि नर्स कोअर या सरकारी स्कॉलरशिपच्या अर्जालाही फाफ्साचा कागद लागतो. फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला पुढच्या वर्षासाठी उघडतो, तेव्हाच भरून टाका, कारण कॉलेजांचे पैसे संपत जातात.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. फेडरल मदत सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि रेफ्युजी वगैरे मोजक्या गटांनाच असते. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल, अगदी ईएडी म्हणजे कामाचा परवाना हातात असलं तरी फेडरल लोन नाही. अशा वेळी कॉलेजची स्कॉलरशिप, नोकरीकडून मिळणारी मदत किंवा को-सायनर घेऊन प्रायव्हेट लोन एवढंच उरतं, आणि ग्रीन कार्ड वर्षभरात येणार असेल तर तोवर कम्युनिटी कॉलेजात प्रीरिक्विझिट (ॲडमिशनआधी लागणारे विषय) उरकून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. फक्त ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी असे विषय किती वर्षांपूर्वीपर्यंतचे चालतात ते त्या नर्सिंग कॉलेजला आधी विचारा, नाहीतर फी भरून केलेला विषय परत करायला लावतात.

लोनची मर्यादा न बघता ॲक्सिलरेटेड बीएसएनला उडी मारणं

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. स्वतंत्र (आई-वडिलांवर अवलंबून न धरलेल्या) अंडरग्रॅज्युएट विद्यार्थ्याला फेडरल लोनची एकूण मर्यादा ५७,५०० डॉलर, त्यातले जास्तीत जास्त २३,००० सबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असेपर्यंत ज्याचं व्याज सरकार भरतं ते. पहिली डिग्री इथेच लोन काढून केली असेल तर ते जुनं न फिटलेलं लोनही यातच धरतात. भारतातून शिकून आलेल्यांची पाटी कोरी असते म्हणून ते निर्धास्त असतात, पण त्यांना वर्षाची मर्यादा नडते, तिसऱ्या वर्षापासून पुढे ती १२,५०० डॉलर आहे. ॲक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजे नर्सिंगची कमी वेळात होणारी बॅचलर्स, साधारण ११ ते १८ महिन्यांत संपतं, म्हणजे फी थोड्याच काळात एकदम येते आणि लोन मात्र वर्षाच्या हिशोबाने मिळतं. खाजगी कॉलेजात तर ते फारच कमी पडतं आणि मग घाईघाईत प्रायव्हेट लोन काढलं जातं.

फायनान्शियल एड ऑफिसला सरळ विचारा की या प्रोग्रामच्या सगळ्या टर्म धरून मला फेडरल लोन नक्की किती मिळेल आणि कुठल्या टर्मला किती येईल. उत्तर ईमेलवर घ्या.

बॅचलर्स असलेल्यांसाठी थेट एमएसएनचे (नर्सिंगमधली मास्टर्स) प्रोग्राम असतात, तिथे ग्रॅज्युएट लोन वर्षाला २०,५०० डॉलर मिळतं हे खरं, पण वरचा खर्च भागवणारं ग्रॅड प्लस लोन १ जुलै २०२६ पासून नवीन कर्जदारांना बंद होतंय. जुने लेख वाचून "उरलेलं ग्रॅड प्लसमधून घेऊ" असं धरून चालू नका.

स्वस्त रस्त्याला कमी समजणं

आपल्या लोकांना बॅचलर्स झाल्यावर असोसिएट डिग्री (बॅचलर्सच्या खालची) करणं कमीपणाचं वाटतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की हा विचार सोडून द्यावा. कम्युनिटी कॉलेजातून एडीएन (नर्सिंगची असोसिएट डिग्री) केलेल्यालाही तीच एनक्लेक्स-आरएन परीक्षा आणि तेच आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं, लायसन्स. नंतर हॉस्पिटलात लागून त्यांच्या पैशाने आरएन-टू-बीएसएन करता येतं. काही मोठी हॉस्पिटलं बीएसएनच मागतात, त्यामुळे तुमच्या भागातल्या जाहिराती आधी बघा.

ले-ऑफ झाला असेल तर जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाऊन विओआ या सरकारी योजनेतून ट्रेनिंगचे पैसे मिळतील का ते विचारा, तुमचं कॉलेज त्यांच्या मंजूर यादीत असेल तर फीचा काही भाग तिकडून सुटू शकतो. मात्र आधी ॲडमिशन घेऊन फी भरून मग तिकडे जाऊ नका, मंजुरी आधी लागते.

नोकरी आधी सोडणं

राजीनामा देण्याआधी एचआरला विचारा. कंपनीने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे पैसे टॅक्स-फ्री असतात, निदान प्रीरिक्विझिट तरी त्यात निघतात. (काही कंपन्या फक्त कामाशी संबंधित कोर्सचेच पैसे देतात.) बरेच जण आधी सीएनए (नर्सेसचे मदतनीस) होऊन हॉस्पिटलात लागतात आणि तिथल्या ट्यूशन बेनिफिटवर शिकतात, वेळ जास्त जातो पण हे काम आपल्याला झेपतंय का तेही कळतं.

४०१-के या नोकरीतल्या रिटायरमेंट खात्यातून लोन काढून नोकरी सोडणं तर अजिबात नको. नोकरी सुटली की ते फेडायची वेळ येते, नाही फेडलं तर ती रक्कम उत्पन्नात धरतात आणि वय कमी असेल तर वर १० टक्के पेनल्टी. शिक्षणासाठी पेनल्टीतून सूट आहे ती आयआरए या स्वतः उघडलेल्या रिटायरमेंट खात्याला, ४०१-के ला नाही, आणि टॅक्स आयआरएवरही लागतोच.

नोकरी सोडलीच असेल तर फाफ्सात दिसणारं उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं असतं हे लक्षात घ्या. २०२६-२७ साठी २०२४ चा पगार बघतात. आता तो पगार नाही हे कागदपत्रांसकट एड ऑफिसला कळवा आणि प्रोफेशनल जजमेंट रिव्ह्यू, म्हणजे तुमच्या केसचा नव्याने विचार, मागा, मागितल्याशिवाय कोणी करत नाही.

करार न वाचता सही

नर्स कोअर स्कॉलरशिप फार चांगली आहे, फी आणि दर महिन्याला स्टायपेंड, बदल्यात नर्सेस कमी असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षं फुल-टाइम काम. पण नोकरी पूर्ण केली नाही तर पैसे व्याजासकट परत. हॉस्पिटलच्या करारातही तेच, मध्ये सोडलं तर किती परत करायचे, प्रमाणात की सगळे, आणि त्यांनीच काढलं तर काय, हे तीन प्रश्न सहीच्या आधी विचारा.

स्कॉलरशिप हुकली तरी आरएन झाल्यावर नर्स कोअरचंच लोन रिपेमेंट आहे, दोन वर्षांच्या कामावर नर्सिंग लोनचा ६० टक्के भाग फेडतात आणि तिसऱ्या वर्षाला आणखी २५ टक्के. सरकारी किंवा नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलात १२० हप्ते भरले तर पीएसएलएफ या सरकारी कर्जमाफी योजनेत उरलेलं फेडरल लोन माफ होतं. म्हणून व्याज जरा कमी दिसतंय म्हणून फेडरल लोन प्रायव्हेट बँकेत रिफायनान्स करू नका, पीएसएलएफ तिथेच संपतं.

टॅक्स भरताना विसरणं

अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट (शिक्षणखर्चामुळे टॅक्समधून वजा होणारी रक्कम) पहिल्या चार वर्षांच्या शिक्षणासाठीच आहे, ते बहुतेकांना लागू होत नाही आणि मग लोक सगळंच सोडून देतात. लाइफटाइम लर्निंग क्रेडिटला असं बंधन नाही, १०,००० डॉलरपर्यंतच्या फीवर २० टक्के, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर. एकत्र रिटर्न भरणाऱ्यांचं उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की ते कमी होत जातं आणि १,८०,००० ला शून्य होतं. म्हणून एका जोडीदाराचा पगार थांबलेल्या वर्षी हे क्रेडिट आवर्जून तपासा, आणि कॉलेजकडून येणारा फीचा १०९८-टी फॉर्म जपून ठेवा.