क्लबाचा इतिहास लिहायचाय? आधी स्कोअरबुक उघडा

माझे बाबा लालबागच्या एका छोट्या क्रिकेट क्लबाचे स्कोअरर होते. पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीग या क्रिकेट स्पर्धेच्या रविवारी ते मला आझाद मैदानावर न्यायचे. माझं काम एकच, पेन्सिलींना टोक काढून ठेवायचं. पावसात शाई फुटते, म्हणून बाबा सगळं पेन्सिलीनेच लिहायचे. २६ जुलै २००५ ला कलिन्याला आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरींच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं आणि क्लबाची ट्रंक दोन दिवस पाण्यात राहिली. सभांची इतिवृत्तं शाईची होती, ती सगळी धुऊन गेली. बाबांची स्कोअरबुकं वाचली. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी क्लबाचा इतिहास लिहिला, तो त्यांच्या आधाराने. तुम्ही आपल्या क्लबाचा लिहायला बसणार असाल, तर मी काय काय केलं ते सांगते.

आधी कागद वाचवा. भिजलेली वही उन्हात टाकू नका, पानं आकसून वाकडी होतात. सावलीत, पंख्याखाली, दर थोड्या पानांत टीपकागद घालून सुकवा आणि टीपकागद बदलत राहा. एकदम खूप वह्या भिजल्या असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि एकेक काढून सावकाश सुकवता येते. फाटक्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका. मग खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि तो तीन वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा.

आता स्कोअरबुक वाचायला शिका. इतिहास तिथे आहे. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर, म्हणजे बाय, लेगबाय, वाइड आणि नोबॉलच्या धावा, मिळून एकूण धावसंख्या जुळते का बघा. मग गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय आणि लेगबाय मिळवून तीच संख्या येते का ते बघा. एक लक्षात ठेवा, पूर्वी वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यावर धरत नसत, ते १९८०च्या दशकात धरू लागले. जुन्या वहीत ते वेगळे मिळवावे लागतात. हे माहीत नव्हतं तोवर मला वाटायचं बाबांचीच बेरीज चुकली. षटकातले सहा ठिपके जोडून इंग्रजी एम केला असेल तर ते निर्धाव षटक, आणि डब्ल्यू असेल तर निर्धाव षटकात बळीसुद्धा.

नावांचा घोळ मोठा. स्कोअरबुकात आद्याक्षर आणि आडनाव एवढंच असतं, आणि लालबाग-परळमध्ये एस. सावंत किती असतील! आमच्या वह्यांत एकाच मोसमात दोघं निघाले. एक सलामीला यायचा, दुसरा दहाव्या क्रमांकावर. फलंदाजीचा क्रम, कोणाबरोबर गोलंदाजी केली, वर्गणीच्या पावतीवरचा खोली नंबर, हे सगळं शेजारी ठेवलं की माणसं वेगळी होतात. याला दिवस लागले तरी घाई करू नका. एकाची कामगिरी दुसऱ्याच्या नावावर छापली तर त्याच्या घरच्यांना ते लागतं.

मगच माणसांकडे जा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. मी सुरुवातीला नुसतं विचारायची, ‘काका, जुन्या आठवणी सांगा.’ सगळे तेच दोन-तीन किस्से सांगायचे. आमच्या क्लबात एका काकांच्या कांगा लीगमधल्या शतकाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. वहीत त्या सामन्यात ८७ आहेत, संघाच्या १५२ पैकी. ते पान घेऊन मी डोंबिवलीला गेले. काका ऐंशीच्या पुढचे. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं, थोडा वेळ गप्प बसले, मग समोरच्या टोकाला बाद होत गेलेल्या एकेकाचं नाव वाचू लागले. हा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, याची रात्रपाळी असायची आणि तो तसाच मैदानावर यायचा, याच्याकडे स्वतःचे बूट नव्हते. दीड तास बोलले. मी पुस्तकात ८७च छापले, पण त्या दिवशीची खेळपट्टी कशी होती तेही लिहिलं. उघडी, भिजलेली, आणि बाहेर गवत इतकं वाढलेलं की जमिनीवरून मारलेला चेंडू तिथेच थांबायचा. उचलून मारल्याशिवाय चौकार नाही. अशा रविवारच्या ८७ धावा किती मोठ्या, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

स्थापनेच्या वर्षाबद्दल कडक राहा. डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ लीग १९४८ साली सुरू झाली, आणि आमच्या फलकावरही १९४८च रंगवलेलं होतं. पुरावा मिळेना. वरळीला धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणीची तारीख मिळते, पण नोंदणी स्थापनेनंतर बऱ्याच वर्षांनी झालेली असू शकते. शेवटी हाती लागली ती १९५१ची एक पावती, वर्गणी आठ आणे. आम्ही लिहिलं, ‘१९५१च्या आधीपासून’. जुने सभासद थोडे नाराज झाले, पण मला ते वाक्य खरं वाटतं.

तारीख नसलेले कागद आणि फोटो असे ओळखा. पावतीवर आणे असतील तर ती बहुधा एप्रिल १९५७च्या आधीची, तेव्हा नवे पैसे आले. पत्त्यात नुसतं ‘मुंबई १२’ न लिहिता ‘४०० ०१२’ असेल तर ते ऑगस्ट १९७२ नंतरचं. फोटोत मागे रस्त्यावर ट्राम धावताना दिसली तर मार्च १९६४च्या आतला. फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट असेल तर १९७०च्या दशकाच्या अखेरीच्या मागे जाऊ नका. वर्तमानपत्रांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसा आणि सोमवारचे अंक आधी मागा, रविवारच्या सामन्यांचे निकाल त्यांत असतात.

जिंकलेल्या शिल्डांची यादी कोणीही करेल. तुम्ही खेळाडूंच्या गळतीची पानं वाचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या जुलैत आमच्या पहिल्या सामन्याच्या पानावर नऊच नावं आहेत. उरलेल्या दोन ओळी बाबांनी कोऱ्या ठेवल्यात. वर्गणीची वही शेजारी ठेवली तेव्हा कळलं, पाच जण गावी, कोकणात गेले होते. त्यातले दोघं परत कधीच खेळले नाहीत. ते पान मी पुस्तकात जसंच्या तसं छापलं.

आपल्या क्लबात कोणाला घेत नव्हते, हेही विचारा. धर्मवार संघांचे पंचरंगी सामने १९४६ला संपेपर्यंत या शहरातलं मोठं क्रिकेट धर्माधर्मांत वाटलेलं होतं. दलित समाजातल्या पालवणकर बाळूंसारख्या गोलंदाजाला जातीमुळे हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळालं. आपल्या चाळीतला क्लब यापासून दूर होता असं धरून चालू नका. आणि माळ्याचं नाव शोधा. पहाटे रोलर फिरवणारा, तंबूत क्लबाची पेटी सांभाळणारा माणूस एकाही धावफलकावर नसतो. आमच्या माळीकाकांचं पूर्ण नाव मला त्यांच्या मुलाने सांगितलं, तोवर क्लबात कोणालाच ठाऊक नव्हतं.

छापताना शेवटी सगळ्या खेळाडूंची नावं द्या, एकच सामना खेळलेल्यांचीही. जे ओळखू आले नाहीत त्यांच्यापुढे सामन्याची तारीख लिहून जागा कोरी सोडा. आम्ही अशी दोन पानं सोडली होती. प्रकाशनाच्या दिवशीच लोक ती पानं उघडून एकमेकांना विचारत बसले आणि सात नावं लागली. अशी पानं ठेवाल तर समारंभाला पेन्सिली घेऊन जा, टोक काढलेल्या.