भागीरथीला हाक काय मारायची?

माझ्या भाचीचं नाव भागीरथी. माझ्या आजीचं नाव. भाऊ-भावजयीने ते ठरवलं तेव्हा मला भरून आलं होतं. दुसऱ्याच दिवशी भावजयीचा फोन, "ताई, नाव ठरलं हो, पण हाक काय मारायची?" बारशाला सहा दिवस होते आणि आत्या मी, म्हणजे कानात नाव सांगायचं काम माझंच. त्या सहा दिवसांत काय काय करून पाहिलं ते लिहिते. तुमच्या घरी सावित्री, अन्नपूर्णा, रुक्मिणी आली असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं काम अगदी साधं. नाव कागदावर तोडून लिहा आणि मोठ्याने म्हणा. भा-गी-र-थी. आपण सवयीने पुढची दोन अक्षरं उचलतो आणि थांबतो. मागचा भागही बघा. सत्यभामेची सत्या होते, तशी भामाही होते. अन्नपूर्णेतली पूर्णा तर अख्खं नावच आहे. गोदावरीची गोदा, पार्वतीची पारू, यशोदेची येसू, रुक्मिणीची रखमा ही वाट आपल्याकडे कधीची मळलेली आहे. पंढरपूरच्या देवळात खुद्द रुक्मिणीची रखुमाई झाली. आम्ही वाईचे. आमच्याकडे नदीलासुद्धा कुणी नुसतं कृष्णा म्हणत नाही, कृष्णाबाई म्हणतात, आणि तिचा उत्सवही त्याच नावाने होतो. तेव्हा बाहेरून 'पिंकी', 'स्वीटी' आणायच्या आधी नावाच्या आतच नीट शोधा.

मग शेवटचं अक्षर. मराठीत सगळी माया आणि सगळा राग तिथेच असतो. 'ई' लावली की नाव जवळचं होतं, पण तेवढंच हलकंही होतं. माझ्या आजीला सासरी आयुष्यभर 'भागी' म्हणाले. "भागे, पाणी आण", "भागे, चूल विझली का?" पूर्ण नाव फक्त पोस्टाच्या पासबुकावर होतं. मी तिसरीत असताना ते पासबुक माझ्या हाती लागलं आणि मी मोठ्याने वाचलं, "भागीरथीबाई." आजी ज्वारी निवडत होती. तिचे हात सुपातच थांबले. म्हणाली, "परत वाच गं." मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं होतं.

म्हणून 'ई' वाईटच, असं मी म्हणणार नाही. संत जनाबाई स्वतःला 'नामयाची दासी जनी' म्हणवते, तिथे त्या 'जनी'त केवढं हक्काचं जवळपण आहे. पण घरात रागावणारं माणूस असेल, तर रागाच्या सुरात ते नाव एकदा म्हणून बघा. कानाला टोचलं तर सोडून द्या.

'ऊ' मला जास्त विश्वासाचा वाटतो. जिजाबाईंची जिजाऊ, सावित्रीबाईंची साऊ, विठ्ठलाचा विठू. मणिकर्णिकेची मनू झाली, तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. 'ऊ'ने लाड होतात आणि मान जात नाही. शिवाय प्रत्यय लावताना नाव मोडत नाही: मनूला, मनूचा डबा, मनूने सांडलं. तुम्ही निवडलेल्या नावाला 'ला', 'चा', 'ने' आणि 'गं' लावून पाहाच, कारण दिवसभरात हाक कमी आणि "हिचं दूध झालं का?" हेच जास्त बोललं जातं.

हा हिशोब करून मी 'भागू'वर आले, आणि आईने लगेच हात वर केला. "भित्री भागूबाई म्हणतील गं शाळेत!" खरंच होतं. भाषेत आधीच जाऊन बसलेली नावं असतात, ती पोरीच्या वाट्याला येतात. भागीरथी म्हणजे गंगाच, म्हणून अर्थाच्या वाटेने 'गंगू'कडे गेलो, तर तिथे 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' उभा. मला स्वतःला 'रथी' फार आवडलं होतं. रथात बसून लढणारा तो रथी, मुलीला किती शोभून दिसेल! पण भावजय नागपूरची, हिंदी कानावर घेऊनच वाढलेली. ती गप्प झाली, मग हळूच म्हणाली, "ताई, आमच्याकडे ते 'अर्थी'सारखं ऐकू येईल." म्हणजे तिरडी. तिथेच ते नाव मिटलं. मूल ज्या ज्या भाषांत वाढणार आहे, त्या सगळ्यांच्या कानांनी नाव ऐका. पुण्यात, बंगळुरात, परदेशात असाल तर जरा जास्तच.

रंगावरून, नाकावरून, अंगावरून नाव ठेवू नका. काळी, नकटी, जाडी, कितीही लाडाने म्हटलं तरी ते पोरीच्या आत जाऊन बसतं. आमच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली, कारण त्यांचं नाव 'नकोशी' किंवा 'नकुसा' होतं. मुलगी नको होती म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. घरातली हाक किती खोल जाते, याबद्दल यापुढे मी काय सांगणार?

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. नाव पूर्वजांपैकी कुणाचं असेल, तर त्या बाईला माहेरी काय म्हणत होते ते शोधा. सासरचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, माहेरचं विसरलेलं असतं. कितीजणींचं तर लग्नात नावच बदलायचं. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. आणखी एक होतं: सून सासूचं नाव तोंडाने घेत नसे. नातीला आजीचं नाव ठेवलं की तिच्या आईला ते उच्चारायची चोरी, म्हणून हाकेचं नाव वेगळं ठेवणं भागच पडायचं. तेव्हा अशी नावं घरोघरी असतात, विचारायला हवं एवढंच.

आजीची धाकटी बहीण अजून आहे, कऱ्हाडजवळ, सत्त्याऐंशी वर्षांची. तिला फोन लावला. ऐकू कमी येतं, म्हणून तिच्या नातवाने माझा प्रश्न तिच्या कानाशी ओरडून सांगितला. बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "मी अक्काच म्हणायची की. आमचं आबा तिला रथू म्हणायचं. शेतातनं आलं की दारातनंच, रथूऽऽ."

रथू. मी जिन्याखाली उभी राहून वर गच्चीकडे हाक मारून पाहिली. लांबून हाक मारताना आपण शेवटचं अक्षर ओढतो, म्हणून शेवटी स्वर हवा. रथूऽऽ छान ओढता येतं. रथूला, रथूचं, रथूने, कुठे अडत नाही. आईला त्यात कुठली म्हण सापडली नाही, भावजयीला अर्थी ऐकू आली नाही.

तुम्हाला सहा दिवसांत सापडलं नाही तरी घाबरू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण बाळाचं नाव त्या नोंदीत १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तिथे मोठं नावच घाला. हाकेच्या नावाला कसलीच मुदत नाही. मात्र आठवड्यातून काही वेळा तरी मोठ्या नावाने बोलवा. आम्ही न्हाऊ घालताना पूर्ण नाव म्हणतो, "भागीरथी, डोळे मीट", म्हणजे दोन्ही नावं तिच्या ओळखीची राहतील.

बारशाला पाळण्याखालून-वरून गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, घुगऱ्यांचा वास घरभर होता. मी वाकून तिच्या कानात आधी "भागीरथी" म्हटलं, मग "रथू", मग कुर्रर्र. पाठीवर धपाधप बुक्क्या बसल्या. तिचा तीन वर्षांचा दादा पाळण्याची दोरी धरून होता. त्याला 'र' येत नाही, 'थ'ही येत नाही. तो पाळण्यात डोकावून म्हणाला, "लतू." आम्ही कुणी त्याला सुधारलं नाही.