वायफाय सारखं तुटतंय? म्हणून पासवर्ड काढू नका

सोलापूरच्या विडी घरकुल वस्तीत माझी मावशी राहते. टॉवेल-नॅपकिनची घरगुती विक्री करते. ऑर्डर मोबाइलवर येतात आणि पार्सलवर चिकटवायचे पत्ते वायफायच्या प्रिंटरवर छापते. मार्चमध्ये तो प्रिंटर मध्येच नेटवर्कवरून गायब व्हायला लागला. मावसभावाने वैतागून राउटरचा पासवर्डच काढून टाकला, आणि खरंच प्रिंटर दिवसभर चालला. मी गेलो तेव्हा मावशी म्हणाली, "पासवर्ड काढल्यापासून नीट चाललंय की रे, आता कशाला हात लावतोस?"

तिचा अनुभव खरा होता. म्हणूनच ही चूक लोकांच्या मनात पक्की बसते. पासवर्ड असलेल्या वायफायमध्ये दोन प्रकारच्या किल्ल्या असतात. एक प्रत्येक उपकरणाची स्वतःची आणि दुसरी सगळ्यांची सामायिक, तिला ग्रुप की म्हणतात. ही सामायिक किल्ली राउटर ठरावीक वेळाने बदलतो. पुष्कळ राउटरवर ही वेळ ३६०० सेकंद, म्हणजे बरोबर एक तास ठेवलेली असते. नवी किल्ली मिळाल्याची पोच प्रत्येक उपकरणाने द्यायची असते. जुने प्रिंटर, स्वस्तातले कॅमेरे नेमके इथे चुकतात. पोच आली नाही की राउटर त्यांना बाहेर काढतो. पासवर्ड काढला की किल्ल्याच उरत नाहीत, मग बदलणार काय? दुखणं थांबतं, पण घराचं दार सताड उघडं राहतं. घरकुलात भिंतीला भिंत लागून घरं आहेत. शेजारच्या चार घरांत तो सिग्नल पोचतो, आणि मावशीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते त्याच हवेतून जात होते.

मी आधी पासवर्ड परत लावला आणि तिच्या हिशेबाच्या वहीतलं एक पान मागून घेतलं. प्रिंटर तुटला की वेळ लिहायची, एवढंच. संध्याकाळी पानावर होतं: ११.१०, १२.१०, १.१०, २.१०. इतकं नियमित तुटणं म्हणजे घड्याळ लावून कोणीतरी तोडतंय. राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार मिश्र होता, म्हणजे जुनी डब्ल्यूपीए आणि नंतरची डब्ल्यूपीए२ दोन्ही, आणि माहिती कुलूपबंद करण्याच्या दोन पद्धती, जुनी टीकेआयपी आणि नवी एईएस, एकत्र. अशा मिश्र मांडणीत सामायिक किल्ली जुन्या टीकेआयपी पद्धतीचीच राहते. मी ते फक्त डब्ल्यूपीए२ आणि फक्त एईएस केलं, प्रिंटरवरचं जुनं नेटवर्क विसरायला लावलं आणि नव्याने जोडलं. दुसऱ्या दिवशी वहीचं पान कोरं राहिलं. तुमच्याकडे एवढ्याने भागलं नाही, तर किल्ली बदलण्याचा कालावधी काही तासांपर्यंत वाढवा. बाकी टीकेआयपी तसंही ठेवू नये. ते असुरक्षित आहेच, शिवाय त्याच्यामुळे वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह वहीचा. कधी तुटतं, आणि एकच उपकरण तुटतं की सगळी, हे लिहिल्याशिवाय राउटरला हात लावू नका. मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट करणं ही तर सगळ्यात महागडी चूक. कनेक्शनवाल्याने भरून दिलेलं युजरनेम-पासवर्ड त्यात पुसलं जातं, आणि मग तो माणूस घरी येईपर्यंत सगळंच बंद. नेटच बंद असेल तर त्याआधी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या खाली छापलेला पत्ता उघडून बघा, तिथे राउटरच्या सेटिंगचं पान येतं. ते पान उघडत असेल तर तुमचं वायफाय धडधाकट आहे, बिघाड बहुधा बाहेरच्या लाइनीत आहे. राउटरवर एलओएसचा, म्हणजे फायबरचा सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला असेल तर फायबरचंच काम आहे.

सगळी उपकरणं एकदम तुटतात, दुपारी जास्त, आणि राउटरचे दिवे पहिल्यापासून पुन्हा लागतात? मग उन्हाकडे बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, आणि कित्येक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्याच हवेसाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीत, कपाटावर, इन्व्हर्टरला चिकटून ठेवलेला राउटर दुपारी दम टाकणारच. त्याला खाली, हवेशीर जागी आणा. ॲडॉप्टर बदलला असेल तर त्यावरचे व्होल्ट राउटरवर लिहिल्याइतकेच आणि अँपियर किमान तेवढे आहेत ना, ते वाचा. १२ व्होल्ट १ अँपियरच्या राउटरला अर्ध्या अँपियरचा ॲडॉप्टर लावला की तो लोड आल्यावर मान टाकतो.

५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क अचानक नावासकट दिसेनासं होत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल नंबर, म्हणजे वायफाय कोणत्या लहरींवर बोलतंय, ते बघा. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारचा हक्क पहिला असतो. रडारसारखी खूण ऐकू आली की राउटरला तो चॅनेल सोडावाच लागतो, आणि या पट्ट्यातल्या नव्या चॅनेलवर बोलण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. हे लांबचं वाटतं, पण २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात कृत्रिम पावसाचा अभ्यास केला, तेव्हा सी-बँड रडारच वापरलं होतं, आणि हवामानाची सी-बँड रडारं साधारण याच लहरींवर चालतात. चॅनेल ३६ ते ४८ पैकी एखादा लावून टाका, प्रश्न मिटतो. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. सोलापूरच्या पूर्व भागातल्या दाटीच्या वस्तीत ४० ची रुंदी म्हणजे शेजाऱ्यांशी नुसती रेटारेटी.

नवा राउटर आणला आणि जुना प्रिंटर जोडलाच जात नाही, असं झालं तर तो बहुधा डब्ल्यूपीए३ वर आहे. २०१८ साली आलेली ही पद्धत जास्त सुरक्षित, पण जुन्या यंत्रांना ती कळत नाही. एका प्रिंटरसाठी सगळ्या घराची सुरक्षा खाली आणू नका. २.४ गिगाहर्ट्झवर वेगळ्या नावाचं, डब्ल्यूपीए२ आणि वेगळ्या पासवर्डचं नेटवर्क काढा आणि जुनी यंत्रं तिकडे बसवा. फक्त ते गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं ठेवलेलं नेटवर्क असेल तर प्रिंटर मुख्य नेटवर्कवरच्या मोबाइलला दिसणार नाही. छापताना मोबाइलही तिकडेच जोडावा लागेल.

मॅक फिल्टर, म्हणजे यादीतल्या मॅक पत्त्याच्या (यंत्राच्या ओळख-क्रमांकाच्या) उपकरणांनाच आत घेणारी सोय, लावून बसला असाल तर तोही काढा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला बनावट मॅक पत्ता दाखवतात. नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की तो बदलूही शकतो. फोनच्या सेटिंगमधला खरा पत्ता तुम्ही यादीत घालता, फोन दुसराच दाखवतो, आणि घरचाच माणूस बाहेर राहतो. शिवाय हवेतून जाणारा मॅक पत्ता उघडाच असतो, त्यामुळे चोराला तो सहज उचलता येतो. पासवर्ड १२-१५ अक्षरांचा ठेवा, डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन घालून जोडण्याची सोय, बंद करा. मावशीच्या राउटरवर एवढंच आहे, आणि प्रिंटर त्या दिवसापासून जागेवर आहे.