ब्लिट्झचं अडकलेलं रेटिंग कसं सुटलं

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर माझं ब्लिट्झ (काही मिनिटांच्या झटपट डावांचं) रेटिंग बरेच महिने २१००च्या आसपास घुटमळत होतं. चाली तपासणारं इंजिन (संगणकाचा प्रोग्राम) लावण्याआधी प्रत्येक चालीला लागलेला वेळ बघायला लागलो, तेव्हा दुखणं सापडलं: मिनिटभर पाठ असलेल्या ओपनिंगमध्येच जायचं आणि हत्तींच्या एंडगेमला, म्हणजे हत्ती आणि प्यादी उरलेल्या शेवटच्या टप्प्याला, हातात दहाएक सेकंद उरायचे.

मग ३+० (तीन मिनिटं, वाढीव वेळ नाही) सोडून ३+२ धरलं. दर चालीला दोन सेकंद वाढून मिळतात, त्यामुळे एंडगेम खरोखर खेळावा लागतो. नवी पेठेतला माझा मित्र दुकान बंद करून रात्री घरी यायचा, त्याच्यासोबत पटावर लुसेना, म्हणजे हत्तीच्या एंडगेममधली जिंकायची ठरलेली स्थिती, घोटली. प्यादं सातव्या रांगेत, त्याच्यापुढे आपला राजा, समोरचा राजा आपल्या हत्तीनं बाजूला अडवलेला. आधी हत्ती चौथ्या रांगेत आणायचा, मग राजा बाहेर काढायचा आणि शह सुरू झाले की तोच हत्ती आड घालायचा. मित्र मुद्दाम घड्याळावर वीसच सेकंद ठेवायचा. बचावासाठी फिलिडोर, म्हणजे हत्तीनं बरोबरी राखायची ठरलेली स्थिती, तीही तशीच बसवली.

ओपनिंग मोजकीच ठेवली. बुलेट (ब्लिट्झहूनही झटपट डाव) बंद केलं. माझ्या मते त्यानं बोटं पळतात, विचार नाही. रेटिंग आता २२००च्या वर टिकून आहे. सध्या वजिरांच्या एंडगेमवर बसलोय.