बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असे कळल्यावर

तपासताना बाळाच्या हृदयात ‘मर्मर’ (ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) ऐकू येते असे डॉक्टरांनी सांगितले, तर आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा, आणि तोही शक्यतो बालहृदयरोगतज्ज्ञांकडून; कारण छिद्र कुठे आहे, केवढे आहे आणि फुप्फुसांकडे किती जादा रक्त जाते, यावरच पुढचे उपचार ठरतात. खालच्या दोन कप्प्यांमधील लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते व केवळ नियमित तपासणी पुरते.

मोठ्या छिद्रात बाळ दूध पिताना दर दोन-चार घोटांनी थांबते, त्याच्या कपाळावर घाम येतो. बाळ झोपलेले असताना श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळात ते 60 किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओठ-जीभ निळी पडल्यास थेट 108 ला फोन करावा.

‘आधी वजन वाढू द्या, मग ऑपरेशनचे बघू’ हा घरोघरी मिळणारा सल्ला मोठ्या छिद्राच्या बाबतीत उलटाच आहे, कारण वजन वाढत नाही ते त्या छिद्रामुळेच. शिवाय जादा दाब सोसून फुप्फुसांतील रक्तवाहिन्या एकदा कायमच्या जाड झाल्या, की छिद्र बंद करणेही धोक्याचे ठरते. म्हणून अशी शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच करतात. तोवर लघवी वाढवणारे औषध दिलेले असल्यास ते घरच्या चमच्याने नव्हे, सिरिंजनेच मोजावे. बाळ दमत असेल तर आईचे दूध काढून वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे.

खर्चासाठी अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) कागदपत्रे पाहून देतात. रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला आणि इकोचा मूळ अहवाल जवळ ठेवावा.

छाती उघडून शस्त्रक्रिया झाल्यास छातीचे हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत हात घालून मुळीच उचलू नये. एक हात मानेखाली व दुसरा ढुंगणाखाली घालून उचलावे, आणि घरी सोडण्यापूर्वी परिचारिकेसमोर हे आजीकडूनही एकदा करवून घ्यावे.