हिमबिबट्या बघायला लडाखला निघालाय? सोलापुरातून निघताना कपड्यांची बॅग अशी भरा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट नाहीतर लांडगे बघत तासन् तास बसणाऱ्या आपल्या मंडळींना एक ना एक दिवस हिमबिबट्याचं खूळ लागतंच. मग कुणीतरी ग्रुपवर लडाखचा फोटो टाकतं, फेब्रुवारीची तारीख ठरते, आणि त्यानंतर खरा प्रश्न येतो की घालायचं काय, कारण सोलापुरात जानेवारीत पहाटे चौदा-पंधरा डिग्री झालं तरी आपण स्वेटर शोधतो आणि तिकडं रात्री उणे वीस असतंय.

भारतात २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत ७१८ हिमबिबटे निघाले, त्यातले ४७७ एकट्या लडाखात, त्यामुळं जायचं तर तिकडंच हे बरोबर. लेहजवळचं हेमिस नॅशनल पार्क, त्यातली रुंबक दरी, ही नेहमीची जागा. थंडीत भरल, म्हणजे त्या निळसर करड्या डोंगरी मेंढ्या, खाली उतरतात आणि त्यांच्या मागं बिबट्या उतरतो, म्हणून जानेवारी ते मार्च हाच सीझन. शिकार आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली, आपली शिकार कॅमेऱ्यानं. पण कपड्यांचं गणित मात्र परदेशात डोंगरात आठ-दहा दिवस शिकारीला जाणाऱ्या माणसाचं असतं तेच आहे: तासभर दम लागेपर्यंत चढायचं आणि नंतर चार तास दगडाआड हलायचंसुद्धा नाही. नेहमीच्या ट्रेकची यादी इथं उपयोगाची नाही, कारण ट्रेकवाला चालत असतो. तुम्ही बसणार आहात. बॅग बसण्यासाठी भरायची, चालण्यासाठी नाही, एवढं एक डोक्यात ठेवून पुढं वाचा.

पहिलं काम: कॉटन बाहेर काढा

हे सोलापूरकराला सांगणं म्हणजे जरा अवघडच. चादर आपली, टॉवेल आपला, दोन्हीला जीआय टॅग, सगळं सुती. पण सूत घाम पितं आणि सोडत नाही, आणि ओला कपडा अंगाला लागला की उष्णता भराभर जाते, कारण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जोरात उष्णता ओढून नेतं. चढताना बनियन भिजला, वर जाऊन बसलात, की दहा मिनिटांत पाठीला बर्फ लावल्यासारखं होतं, मग वरून कितीही भारी जॅकेट घाला. म्हणून बनियन, जीन्स, कॉटनची ट्रॅकपँट, सुती मोजे, हुडी, सगळं घरी. अंडरवेअरसुद्धा सिंथेटिक नाहीतर लोकरीची, बायकांनी ब्रा पण तशीच बघायची, कारण सगळ्यात आधी भिजतं ते तेच.

होजिअरीच्या दुकानात 'थर्मल' म्हणून मिळतं त्याचं लेबल वाचा हां. बऱ्याच वेळा ते निम्मंअर्धं कॉटनच असतं. सोलापूरच्या थंडीला ते बक्कळ झालं, तिकडं नाही.

टेरी टॉवेल न्यायचाच नाही. भिजला की वाळत नाही, दोरीवर टाकला की पत्रा होतो. एक छोटा मायक्रोफायबरचा नॅपकिन बास, अंघोळ तशीही होणार नाहीये. चादर मात्र रेल्वेपुरती घ्या, कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली गाठणार असाल तर तिच्यासारखं काही नाही, आणि दिल्लीत कुणी ओळखीचं असेल तर तिथंच ठेवून पुढं जा.

दुसरं: अंगालगतचा थर

मेरिनो लोकर, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ बारीक लोकर, घेता आली तर घ्या. महाग आहे, पण टोचत नाही, आणि आठ दिवस घातली तरी पॉलिस्टरसारखा वास मारत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. दोन टॉप आणि दोन पायजमे, एवढेच. एक जोडी चालायला, एक जोडी फक्त झोपायला. झोपायची जोडी दिवसा घालायची नाही, कितीही मोह झाला तरी, ती कोरडी राहिली तर रात्र जाते. बजेट नसेल तर चालायला पॉलिस्टर आणि झोपायला मेरिनो करा, उलटं नको.

"एवढ्या दोन कपड्यांत काय होतंय वो?" असं घरातून हमखास विचारलं जाणार. होतंय. तिथं कपडे धुवायचे नसतात, वाळवायचे असतात.

तिसरं: मधला थर आणि वाऱ्याचा थर

एक पातळ फ्लीस, म्हणजे मऊ केसाळ सिंथेटिक कापडाचा स्वेटर, ज्याच्या गळ्याला चेन आहे असा. चढताना चेन उघडायची, थांबलं की लावायची, दर वेळी कपडे काढत-घालत बसायला लागत नाही. त्यावर विंडप्रूफ जॅकेट. लडाख म्हणजे थंड वाळवंट, लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ, त्यामुळं सह्याद्रीतल्या पावसाळ्याच्या हिशेबानं जाडजूड रेनकोट घेऊ नका, तिकडं शत्रू वारा आहे. काखेत चेन असलेलं जॅकेट मिळालं तर उत्तम.

निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. होमस्टेच्या दारातच ऊब वाटत असेल तर एक थर जास्त झालाय, पहिल्या चढाला घाम फुटणार. सगळं अंगावर चढवून निघालेला माणूस अर्ध्या तासात लाल होतो आणि वर गेल्यावर कुडकुडतो, दर ग्रुपमध्ये एक तरी असतोच.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: बसायचे कपडे

इथं पैसे घाला. बाकी ठिकाणी वाचवा.

एक भारी डाऊन जॅकेट, म्हणजे आत पक्ष्याच्या मऊ पिसांचा भराव असलेलं, पाहिजे, टोपीवालं, आणि नेहमीपेक्षा एक नाहीतर दोन साईज मोठं, कारण ते सगळ्याच्या वरून घालायचंय, विंडप्रूफच्याही वरून. दुकानात शर्टावर घालून बघितलं, फिट बसलं, घेतलं, असं करू नका. खाली फ्लीस आणि विंडप्रूफ घालूनच ट्रायल घ्या. पिसं दबली की ऊब गेली, कारण ऊब पिसांची नसते, पिसांत अडकलेल्या हवेची असते. डाऊन ओलं झालं की गठ्ठा होतं हे खरं, पण लडाखातला थंडीतला बर्फ कोरडा भुरभुरीत असतो, झटकला की जातो, म्हणून तिकडं डाऊनच चालतं. हेच तुम्ही पावसाळी डोंगरात चालला असतात तर मी सिंथेटिक भरावाचं सांगितलं असतं.

पायाला पण तसंच. थर्मल पायजमा, वर सॉफ्टशेलची, म्हणजे वारा अडवणाऱ्या लवचिक कापडाची पँट, आणि बसल्यावर घालायला भराव असलेली पँट, जिच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत चेन आहे. ती चेन नसेल तर बूट काढल्याशिवाय पँट चढत नाही आणि उणे पंधराला बूट काढणं म्हणजे पाय गेले. लोक जॅकेटवर वीस हजार घालतात आणि ही पँट विसरतात, मग मांड्या गारठल्या म्हणून दोन तासांत उठून खाली येतात आणि नेमकं तेव्हाच वर स्कोपमध्ये, म्हणजे स्टँडवरच्या दुर्बिणीत, काहीतरी दिसतं.

आणि फोमची चटई. कपडा नाही, पण कपड्यातच धरा. बुडाखाली एक तुकडा, बुटाखाली एक तुकडा. दगड खालून जेवढं गार करतो तेवढं वारा वरून करत नाही.

जागेवर पोचलात की क्रम असा: आधी सॅक उघडून डाऊन जॅकेट अंगावर, अंग गरम आहे तोवरच, मग पँट, मग ओली टोपी आणि बफ (गळ्यात-तोंडावर घालायची कापडी नळी) बदलून कोरडी, मग कॅमेरा. पहिल्यांदा कॅमेरा काढावासा वाटणार. नाही. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या तशाही आतल्या खिशात अंगाशी ठेवायच्यात, थंडीत त्या लवकर बसतात.

हात, पाय, डोकं

हाताला दोन थर: आत लायनर, म्हणजे पातळ हातमोजा, बाहेर मिटन, म्हणजे चारी बोटं एकत्र असलेला हातमोजा. पाच बोटांचा ग्लोव्ह मिटनइतका गरम राहत नाही, बोटं वेगवेगळी पडली की एकेकटी गारठतात. शटर दाबायला मिटन काढायचा, लायनर हातातच. मिटनला दोरी लावून बाहीतून ओवून घ्या, लहान पोरांना लावतात तशी, वाऱ्यानं एक मिटन दरीत गेला की ट्रिप संपली. ट्रायपॉडच्या पायांना आधीच फोम नाहीतर जाड टेप गुंडाळा, उघडा धातू लायनरमधूनही चावतो.

बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे. पातळ मोजा, वर जाड लोकरीचा, आणि तरी आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्त फिरत नाही आणि एका मोज्यापेक्षा जास्त गार लागतं. बूट जायच्या दीड-दोन महिने आधी घ्या आणि सोलापुरातच घालून चाला. कोजागिरीला तुळजापूरपर्यंत पायी जाणारं गाव आहे आपलं, चालायचं कुणी शिकवायची गरज नाही, पण नवीन बूट आणि नवीन टाच यांची ओळख इथंच झालेली बरी. रात्री बुटातले सुकतळे काढून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. दमट मोजे पोटावर ठेवून झोपा, सकाळपर्यंत वाळतात. फक्त दमट हां, पिळून पाणी निघणारे नाही.

डोक्याला लोकरीची टोपी दोन, बफ दोन. माकडटोपी? बिनधास्त न्या. भारीतल्या बालाक्लाव्हाचं काम तीच करते, फक्त लोकरीची असू दे. गॉगल यूव्ही किरणं नीट अडवणारा, बर्फावरचं ऊन डोळे जाळतं.

रंग आणि आवाज

हरणं, मेंढ्या अशा खुरवाल्या जनावरांना लाल-केशरी नीट वेगळा दिसत नाही, निळा मात्र चटकन कळतो. परदेशातले शिकारी भडक केशरी जॅकेट घालून फिरतात ते याचमुळं, माणसाला दिसतो, हरणाला नाही. भरल बिचकली की बिबट्याचा पत्ताही जातो, म्हणून निळं जॅकेट टाळा. खाकी, करडा, मातकट, तिथल्या डोंगराचाच रंग घ्या. लष्करी छापाचं काही नको, सीमेचा भाग आहे, उगाच चौकशीला तोंड द्यायला लागतं. निळसर चकाकी आणणाऱ्या पावडरीत कपडे धुऊ नका, ती चकाकी अशा जनावरांच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसते.

जॅकेट घेताना दुकानात कानाजवळ बाही चोळून बघा. कुरकुर आवाज येत असेल तर ते बाजारात घालायला ठेवा. वेल्क्रो पण शक्यतो नको, शांत दरीत तो फर्रकन आवाज लांबवर जातो.

भरणं

हिवाळ्यात मनालीवरून लेहचा रस्ता बंद, त्यामुळं दिल्लीहून विमान, आणि विमानात साधारण १५ किलो चेक-इन, ७ किलो हातात. म्हणून बूट पायात आणि डाऊन जॅकेट हातावर घेऊन चढायचं, दिल्लीत लोक बघतात, बघू दे. मोठ्या डफेल बॅगेत तीन पिशव्या करा: चालायचे, बसायचे, झोपायचे. झोपायची पिशवी वॉटरप्रूफ, ती सोडून बाकीच्यांना दुकानातल्या जाड कॅरीबॅगसुद्धा चालतात. रोजच्या सॅकमध्ये डाऊन जॅकेट सगळ्यात वर, डबा त्याच्या खाली, काही झालं तरी. मोजे एकूण चार जोड्या, पातळ दोन, जाड दोन.

स्लीपिंग बॅग, मोठे बूट, भारी जॅकेट यातलं काय भाड्यानं मिळेल ते तुमच्या टूरवाल्याला आधी लेखी विचारून घ्या, साईजसकट. थंडीत लेहमधली बरीच दुकानं बंद असतात, तिकडं जाऊन बघू असं धरून चालू नका. लेह ३५०० मीटरवर आहे, पहिले दोन-तीन दिवस नुसतं बसून विरळ हवेची सवय करायचीच असते, त्या दिवसांत सगळे थर घालून एकदा बाहेर बसून बघा, कमी काय पडतंय ते तिथंच कळतं.

त्याआधी सोलापुरात ट्रायल घ्यायची असेल तर एक सोपी युक्ती आहे. द्राक्ष-बेदाण्यावाल्या कुणाची ओळख असेल तर त्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये परवानगीनं तासभर स्टुलावर बसा, चार-पाच डिग्री असतं. सांगून जा, दाराशी एक माणूस उभा ठेवा. उणे वीस नाही ते, पण मनगटाला, कमरेला, मानेला कुठं फट राहते ते बरोबर सापडतं. तिथं जरी गार लागलं तर बॅग परत उघडा.

आल्यावर डाऊन जॅकेट लगेच कोंबून ठेवू नका, सावलीत दोन दिवस टांगा, आपल्याकडच्या मार्चच्या हवेत ते खडखडीत वाळतं. मग सैल पिशवीत कपाटात. मेरिनोला कसर लागते, तिच्या घडीत वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला आणि जूनमध्ये हवा दमट झाली की एकदा काढून झटका.