गाभण गाईची कुट्टी पिठासारखी करू नका

पाऊस तोंडावर आला की वाळली वैरण भिजू नये म्हणून घाईघाईने बारीक कापून, म्हणजे कुट्टी करून, पोत्यांत भरली जाते. त्यातच कोवळा हिरवा चारा सुरू होतो. या दोन्हींचा फटका गाभण गाईला बसतो. कुट्टी यंत्राचं पातं आजच तपासा. तुकडा २ ते ४ सेंटिमीटरचा हवा.

वैरण तीच, वजन तेच, तरी फरक का पडतो? गाय दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ गाळते आणि पोटातलं बरंचसं आम्ल त्या लाळेने मरतं. लाळ सुटते चावण्याने, रवंथाने. पिठाला काय चावणार? कोठीपोटाचा (चारा आंबवणाऱ्या पहिल्या, मोठ्या पोटाचा) सामू, म्हणजे पीएच, ५.५ च्या खाली घसरतो, आम्ल वाढतं, दुधाचं फॅट उतरतं, शेण पातळ होतं, पुढे खूर दुखून गाय लंगडते. विण्याच्या तोंडावर गाईने खाणं सोडलं तर अंगावरची चरबी वितळून यकृतावर चढते आणि व्याल्यावर कीटोसिस होतो, म्हणजे चरबी जळून रक्तात कीटोन साठतात.

मागच्या पावसाळ्यात एका गोठ्यात भरल्या गव्हाणीपुढे गाई बसलेल्या पाहिल्या. डोळे अर्धे मिटलेले, पण एकीचाही जबडा हलत नव्हता. गव्हाणीत हात घातला तर हाताला नुसता भुगा लागला. त्यातल्या दोघी व्याल्यावर उठल्याच नाहीत.

बसलेल्या गाईंपैकी निम्म्या तरी रवंथ करताना दिसायला हव्यात. एका घासाला ५०-६० वेळा चावणं व्हायला हवं. ४० च्या आत घास गिळला तर मी कुट्टी बारीक आहे असं धरतो. हा आकडा पुस्तकातला नाही, गोठ्यातला आहे.

दुकानदार फॅट वाढवायच्या पुड्या गळ्यात मारतो. आधी पातं बदला. दुभत्या गाईला फार तर खाण्याचा सोडा १०० ते १५० ग्रॅम रोज, आंबोणातून (भिजवलेल्या पेंड-भरड्यातून). विण्याआधीच्या ३ आठवड्यांत मात्र सोडा नकोच, दुग्धज्वराचा (व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय बसते त्याचा) धोका वाढतो.

वासराचंही तसंच. दूध कोठीपोटात जात नाही, थेट चौथ्या पोटात उतरतं. कोठीपोट वाढतं ते दाण्यावर, म्हणून पहिल्या आठवड्यापासून मूठभर दाणा पुढे ठेवा. पण जाडा भरडा द्या. पीठ ओल्या नाकाला चिकटतं, वासरू शिंकतं आणि मागे सरतं. पाणीही वेगळं ठेवा, दुधातलं पाणी कोठीपोटाला मिळत नाही.

बाकी कामं:
- वासराला चीक (व्याल्यावरचं पहिलं दूध) २ तासांच्या आत, वासराच्या वजनाच्या १० टक्के
- नाळेला टिंक्चर आयोडीन
- पावसाआधी घटसर्प, फऱ्याची लस
- जंतनाशक डॉक्टरांना विचारून
- बुरशी लागलेली वैरण उकिरड्यावर

कोवळ्या चाऱ्यातही चावण्यासारखं कमी असतं, म्हणून त्याआधी रोज सकाळी लांब वाळली वैरण टाका, न कापता.